गौरीचे दागिने घरीच उजळायचेत: रिठा, सोडा, लिंबू... कशाला काय चालतं?

तेरड्याचं फूल (गुहागर)

नमस्कार मंडळी,

नागपंचमी झाली, गणपती तोंडावर आले आणि आज माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आमची गौर तेरड्याची. रोपांना मुखवटा बांधतो, साडी नेसवतो आणि घरातले सगळे जुने दागिने तिच्या अंगावर घालतो. आजेसासूबाईंची मोहनमाळ, ठुशी, मोत्यांची नथ, चिंचपेटी, चांदीचे तोडे. शिवाय पूजेतलं निरांजन आणि पंचपात्र, तेही चांदीचं. यंदा पाऊस असा लागून राहिलाय की पेटीतल्या साड्यांनाही कुबट वास येतोय. चांदी काळीठिक्कर पडलीय. ठुशीच्या मण्यांच्या फटीत गेल्या वर्षीचं हळदकुंकू अजून तसंच आहे.

धागा काढायचं खरं कारण मात्र ती नथ. गेल्या वर्षी आवाहनाच्या आदल्या रात्री मी एक व्हिडिओ बघितला. वाटीत लिंबाचा रस, त्यात खायचा सोडा, फेस आला की दागिना बुडवा. मी नथ बुडवली. दहा मिनिटांनी काढली तेव्हा सोन्याची तार खरंच चकाकत होती, पण मोत्यांवरून बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. पाटीवरच्या पेन्सिलीसारखे पांढरट, कोरडे दिसत होते. मोत्याचं पाणी गेलं असं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नथ उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि मग गुलाबी कागदात गुंडाळून ठेवून दिली.

बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

यंदा काहीही करायच्या आधी विचारून घेतेय. घरामागे रिठ्याचं झाड आहे, स्वयंपाकघरात सोडा, मीठ, चिंच, आमसुलं सगळं आहे. चिपळूणला सराफाकडे न्यायचं तर एक अख्खा दिवस जातो आणि या दिवसांत तिथे उभं राहायला जागा नसते. घरी काय करता येईल आणि कशाला हात लावू नये, जाणकारांनी सांगा.

---

सोनारवाडा (रत्नागिरी)

ताई, सोनारकाम आमच्याकडे पिढीजात आहे. मी स्वतः बैठकीवर तीस वर्षं काढली. नथीचं वाचून वाईट वाटलं. दर गणपतीत अशा दोन-तीन नथी माझ्याकडे येतात. मोती बदलून देण्यापलीकडे काही करता येत नाही.

काय लावायचं हे नंतर. आधी दागिना कशाचा आहे आणि त्याच्या पोटात काय आहे ते बघा. तुमची मोहनमाळ जुनी म्हणताय, म्हणजे तिचे मणी बहुतेक पोकळ असणार आणि आत लाख भरलेली असणार. पातळ पत्र्याचा मणी चेपू नये म्हणून ती भरतात. असा मणी गरम पाण्यात टाकला की लाख मऊ होते, भोकातून बाहेर येते आणि मणी आतून रिकामा होतो. मग बोटाच्या दाबानेही त्याला पोचा पडतो. मण्याच्या भोकात उजेडात डोकावून बघा. आत तपकिरी, काळसर काही दिसलं तर ती लाख. अशा दागिन्याला पाणी कोमटच हवं आणि तेही भिजत ठेवायला नाही.

दुसरं म्हणजे दोरा. मोहनमाळ, चिंचपेटी, तन्मणी हे सगळे दोऱ्यात गाठवलेले दागिने. दोरा पाणी पितो आणि या हवेत चार-चार दिवस वाळत नाही. आतून कुजतो आणि नेमका गौरीच्या गळ्यात घालताना तुटतो. दोरा काळा पडला असेल, मणी सैल हलत असतील तर धुण्याच्या फंदात न पडता आधी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या.

तिसरी गोष्ट खड्यांची. जुन्या नथीतल्या, कुड्यांतल्या लाल-हिरव्या खड्यांखाली बऱ्याचदा चकाकीसाठी पातळ वर्ख लावलेला असतो. बैठकीत पाणी शिरलं की तो वर्ख काळा पडतो आणि खडा आंधळा दिसायला लागतो. असे दागिने बुडवायचे नाहीत, पिळून काढलेल्या ओल्या फडक्याने पुसायचे.

हे तिन्ही नसलेलं सोनं, म्हणजे पाटल्या, बांगड्या, साधी साखळी, तुम्ही निर्धास्त धुवा. त्याला रिठ्यासारखं दुसरं काही नाही. आठ-दहा रिठे फोडून आतली काळी बी काढून टाका. सालं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, कोमट होऊ द्या, फडक्यातून गाळा. त्यात सोनं पंधरा मिनिटं ठेवायचं आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने फटीफटीतून हलक्या हाताने घासायचं. जोर लावू नका. मळ तेलाचा, घामाचा, पावडरचा असतो, रिठा त्याला सोडवतो. घासून काढावा लागत नाही.

---

खाजा आणि सोलकढी (मालवण)

माझी आजी एकच सांगायची, "मोत्यांक आंबाट लावू नको गो बाय." का ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण तिची चिंचपेटी आज माझ्याकडे आहे आणि मोती अजून बघत राहावेत असे आहेत. ती घालून आली की उतरवल्या उतरवल्या मलमलच्या फडक्याने प्रत्येक मोती पुसायची. मगच चहा.

---

प्रयोगवही (दापोली)

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. मालवणच्या आजींचं म्हणणं पटवून घ्यायचं असेल तर किनाऱ्यावरचा एक शिंपला आणा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे यायला लागतात. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा आणि मोतीही त्याचाच. शिंपल्याच्या आतला चकचकीत थर जीव स्वतःभोवती घालत जातो, पापुद्र्यावर पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यांतून प्रकाश परततो म्हणून मोत्याला पाणी दिसतं. लिंबू, व्हिनेगर, चिंच, आमसूल यांतलं काहीही हे थर खातं. पोवळ्याचंही तेच. तेही कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे पोवळ्याच्या अंगठीलाही आंबट नको.

आता चांदी. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असला तरी चांदी गंधक धरते आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो. दमट हवेत हे भराभर होतं, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात चांदी डोळ्यांदेखत काळवंडते. हा थर स्वयंपाकघरातल्या आंबटाने विरघळत नाही. आमसुलाने तांब्या आणि समई झकास निघते, कारण तांब्या-पितळेवरचा थर वेगळ्या जातीचा. तोच हात चांदीवर चालवून लोक दमतात आणि मग राख नाहीतर रांगोळी घेऊन घासत बसतात.

चांदीसाठी अशी पद्धत करा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तळाशी अॅल्युमिनियमचा फॉइल पसरा, चकचकीत बाजू वर. (खरं तर कुठलीही बाजू चालते, पण माझी सवय.) लिटरभर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा विरघळवा आणि ओता. चांदीची वस्तू फॉइलला टेकली पाहिजे, हे महत्त्वाचं. मग अॅल्युमिनियम चांदीकडचं गंधक ओढून घेतं. कुजक्या अंड्यासारखा वास येईल, फॉइल डागळेल, आणि पाच-दहा मिनिटांत तोडे पांढरे दिसायला लागतील. खिडकी उघडी ठेवा. घासण्यात चांदी थोडी थोडी झिजून जाते, इथे मात्र काळ्या थरातली चांदी परत चांदीच होऊन वस्तूवर राहते, म्हणून मला ही पद्धत आवडते.

खडे, मोती, लाख, मीनाकाम असलेल्या चांदीला हे करायचं नाही. आणि नक्षीत मुद्दाम काळेपणा ठेवलेली 'ऑक्सिडाइज्ड' चांदी यात घातलीत तर तो काळेपणाही जाईल.

---

भरती-ओहोटी (हर्णै)

प्रयोगवही ताईंचं वाचून एक कोडं सुटलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही उन्हवऱ्याला गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. आंघोळ करून बाहेर आले तर पायातली जोडवी काळीनिळी. मला वाटलं, सोनाराने चांदीत भेसळ केली. घरी येऊन भांडायच्या तयारीत होते. गंधकाचं पाणी ना ते! जोडवी अजून माझ्याकडे आहेत, आज फॉइलचा प्रयोग करते.

आणखी एक. आमच्याकडे मासळी हाताळणाऱ्या बायका चांदीची अंगठी घालून बसत नाहीत, काळी होते म्हणून. सोन्याच्या अंगठीतही खवले अडकतात, वास जात नाही.

---

सोनारवाडा

उन्हवरे, तुरळ, आरवली, राजापूरचं उन्हाळे, कुठल्याही गरम झऱ्यावर जाताना चांदी घरी ठेवून जावी. माझ्याकडेही भेसळीची तक्रार घेऊन लोक येतात.

---

पोफळीची बाग (श्रीवर्धन)

सगळं ठीक, पण मी गेली वीस वर्षं टूथपेस्ट वापरते. सोनं, चांदी, सगळं. काही झालेलं नाही. लखलखीत निघतं. उगाच एवढा बाऊ कशाला?

---

सोनारवाडा

पोफळीची बाग ताई, राग मानू नका. तुमची एखादी गुळगुळीत बांगडी घ्या आणि खिडकीपाशी तिरकी धरून बघा. सोनं आणि चांदी दोन्ही मऊ धातू, नखाहून थोडेच कठीण. टूथपेस्टमध्ये दातांवरचा थर घासायला बारीक खर असते. एकदा घासल्याने काही दिसत नाही, वीस वर्षांत धातूवर बारीक रेघांचं जाळं तयार होतं. त्यामुळे चमक लखलखीत वाटते, पण आरशासारखी राहत नाही. नक्षीचे कोपरेही बोथट होतात. जुन्या तोड्यांवरची वेल, पुतळीवरची आकृती माझ्याकडे येते तेव्हा अर्धी पुसलेली असते. आणि रांगोळी तर दगडाचीच पूड, ती दागिन्याला लावायची वस्तूच नाही.

---

पोफळीची बाग

बघितलं. पाटलीवर रेघा आहेत. आडव्या, एकाच दिशेने. मी त्या दिशेनेच घासते.

---

व्हाया चिपळूण (ठाणे)

दारावर 'सोनं उजळून देतो' म्हणणाऱ्यांचा विषय इथे निघायलाच हवा. माझ्या आईच्या बाबतीत घडलेलं सांगतो. गावी ती एकटी असते. दुपारी दोघं जण आले. आधी तांब्याचा तांब्या फुकट घासून दिला, मग चांदीची वाटी. विश्वास बसल्यावर गळ्यातली साखळी मागितली. एका लहान भांड्यात कसलंतरी पाणी, त्यात साखळी दोन मिनिटं. बाहेर काढून हळदीच्या पाण्यात टाकली आणि सांगितलं, डब्यात झाकून ठेवा, तासाभराने काढा, रंग चढेल. तोवर ते गेले. साखळी पिवळीधमक होती. महिन्याने सराफाकडे सहज वजन केलं, तर जवळजवळ चार ग्रॅम कमी. कड्या कागदासारख्या झाल्या होत्या.

आई आजही तो विषय निघाला की गप्प होते. गणपतीत गावोगाव अशी माणसं फिरतात. घरात म्हातारी माणसं असतील तर आत्ताच फोन करून सांगा.

---

प्रयोगवही

ते पाणी म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण असतं. सोनं विरघळवणारी जी मोजकी द्रावणं आहेत, त्यांतलं हे एक. साखळीतलं सोनं त्या पाण्यात उतरतं आणि ते लोक पाणी घेऊन जातात. पुढे त्यातून सोनं परत काढता येतं.

याच संदर्भात, फरशी-संडास धुवायचं ब्लीच किंवा अॅसिड हाताळताना अंगठ्या काढून ठेवा. क्लोरीन २२ कॅरेटमधल्या मिश्रधातूंना त्रास देतं. आणि फुटलेल्या थर्मामीटरचा पारा सोन्याला लागू देऊ नका, सोनं पांढरं पडतं.

---

सोनारवाडा

वजनाचं सांगतो. घरी किराणा मोजायचा डिजिटल काटा असेल तर प्रत्येक दागिना धुण्याआधी आणि नंतर तोलून वहीत लिहून ठेवा. ग्रॅमचे अंश दाखवणारा काटा हवा. सराफाकडे पॉलिशला दिलात तरी देताना आणि घेताना वजन चिठ्ठीवर मागून घ्या. प्रामाणिक पॉलिशमध्येही थोडी घट जाते, पण ती चिठ्ठीवर यावी. जुन्या वह्यांत तोळ्यात वजन असेल तर तो तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताच्या बोलण्यातला १० ग्रॅमचा नव्हे. हा हिशेब न कळल्यामुळे घरात भावाभावांत संशय आलेले मी बघितलेत.

---

नवी सून (देवगड)

रोजच्या मंगळसूत्राचं काय? वाट्यांच्या आत काळं साचलंय. आणि एक ग्रॅम सोन्याचा हार आहे, तोही काळपट झालाय. रिठा चालेल का?

---

सोनारवाडा

मंगळसूत्राच्या वाट्यांत साचतं ते साबण, घाम आणि खोबरेल. वाट्यांची आतली बाजू रिठ्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, काडीला कापूस गुंडाळून. काळे मणी काचेचे, त्यांना काही होत नाही, पण दोऱ्यात ओवलेले असतील तर दोरा भिजवू नका. तारेत असतील तर बिनधास्त धुवा. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के आणि बाकी तांबं, चांदी. सांध्याच्या, झाळीच्या जागी काळपटपणा दिसतो तो बहुतेक या बाकीच्यांचा. तो रिठ्याने पूर्ण गेला नाही तर घासत बसू नका.

एक ग्रॅमवाल्याला मात्र कोरड्या मऊ फडक्याशिवाय काही नाही. वरचा मुलामा इतका पातळ असतो की घासलात की खालचं पितळ वर येतं. आणि ते पुन्हा झाकायला मुलामाच द्यावा लागतो.

---

खाजा आणि सोलकढी

ठेवण्याचंही कुणीतरी लिहा. आमच्याकडे चांदी धुऊन आठवड्यात परत काळी होते.

---

प्रयोगवही

धुतल्यावर ओलसर ठेवली जाते, हे बहुतेक वेळा कारण असतं. पुसून पंख्याखाली तासभर ठेवा, मग झिपच्या पिशवीत हवा दाबून काढून बंद करा. प्रत्येक वस्तू वेगळी. सोबत फळ्यावरच्या खडूचा तुकडा, तो ओल धरतो. दर महिन्याला बदला. रबरबँड लावू नका, लोकरीच्या कापडात गुंडाळू नका, दोन्हींत गंधक असतं. अंड्याला चांदीचा चमचा लावला की काळा होतो तेही गंधकामुळेच. मोत्यांना मात्र झिपची पिशवी नको, त्यांना मलमल. आणि अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे सगळं झाल्यावरच मोती घालायचे.

---

तेरड्याचं फूल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी सकाळी बसले. जे केलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल.

मोरीत काहीच धुतलं नाही. माजघरात चटई टाकली, वर जुनी पांढरी चादर, त्यावर मोठी परात. सासूबाईंना सोबत बसवलं. प्रत्येक दागिना आधी मी काट्यावर ठेवला आणि त्यांनी आकडा वहीत लिहिला.

मोहनमाळेच्या मण्यात टॉर्च मारून बघितलं. सोनारवाडा काका म्हणाले तसंच, आत तपकिरी लाख. दोन मण्यांतून तर ती थोडी बाहेर आलेली, वर धूळ चिकटून काळा ठिपका झालेला. गेल्या वर्षी नथीबरोबर ही माळही गरम पाण्यात टाकायचा माझा विचार होता, वेळ नव्हता म्हणून राहिली. तिला फक्त ओल्या फडक्याने पुसलं, मणी मणी धरून. दोरा टोकाशी काळा आहे, ती बुधवारी पटवेकऱ्याकडे जाईल.

ठुशीचे मणी भरीव निघाले आणि तारेत ओवलेले, म्हणून ती रिठ्यात ठेवली. रिठ्याचा फेस आमच्या विहिरीच्या मचूळ पाण्यातही छान आला. साबणाचा कधी येत नाही. पंधरा मिनिटांनी ब्रश फिरवला तर फटीतून आधी कुंकवाचं लाल पाणी उतरलं, मग राखाडी. तीन पाण्यांतून काढली. सासूबाई म्हणाल्या, लग्नात घातली तेव्हा असाच रंग होता. तो रंग मी पहिल्यांदाच बघितला.

तोडे फॉइलवर. वास खरंच भयंकर, धाकटा नाक धरून अंगणात पळाला. पण सात-आठ मिनिटांत नक्षीतली वेल दिसायला लागली, टोकाला एक मोर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

वजनं पुन्हा केली. ठुशी जेवढीच्या तेवढी. पाटल्यांत अगदी किंचित फरक आला, तो मळाचाच असणार.

परातीतलं पाणी फेकण्याआधी ते चहाच्या गाळणीतून गाळायचं मी सकाळपासून मनात ठेवलं होतं. गाळलं. गाळणीत हळदीचा गाळ, दोन केस, आणि एक लाल खडा, तांदळाच्या दाण्याएवढा. ठुशीच्या मधल्या पदकातला. बैठक सैल झाली असणार, ब्रश फिरवताना निघाला आणि मला कळलंही नाही. सासूबाईंनी तो तळहातावर घेतला, गुलाबी कागदाची पुडी केली आणि पुडीवर पेनने 'ठुशी' असं लिहिलं. मग नथीची पुडी पेटीतून काढली आणि तीही त्याच्या शेजारी ठेवली. म्हणाल्या, "बुधवारी जाणारच आहेस तर हिचे मोतीही बदलून आण. गौरीला नथीशिवाय कसं बसवायचं?"